गिरणी की सराई

शनिवार, ५ ऑक्टोबर

गिरण्या पाडा! — सांगून टाकलं एकदाचं. टोळीतल्या तीसही जणांना एकदम निरोप. आता माघार नाही.

हिशेब पुन्हा पुन्हा केला. 'सात शहरं' या फोनवरच्या खेळात गिरणी ताशी साठ मोहरा देते, बस्स. पाऊस असो, लढाई असो, साठ म्हणजे साठ. सराईचं, म्हणजे वाटसरूंच्या मुक्कामाच्या जागेचं, तसं नाही. आपल्या शहरातून मित्रांच्या शहरांकडे जितके रस्ते जातात, त्या प्रत्येक रस्त्यामागे सराई तीस देते. चार रस्ते असले की एकशेवीस. दुप्पट! बाजाराला आधी वस्ती लागते, हमाम नुसता दिखाऊ, तेलाचा घाणा हंगामापुरता. आणि शहरात जागा मोजक्या — काही पाडल्याशिवाय काही बांधता येत नाही. म्हणजे जायची ती गिरणीच. सरळ आहे.

दुकानात आज गिऱ्हाईक नव्हतं. चष्म्यांच्या काचा पुसत पुसत, काउंटरखाली फोन धरून निरोप लिहिला. खाली सही — अबू सनद. टोळीचा खजिनदार. आमच्या इर्बिद शहरातले तीस बाप्ये माझ्या शब्दावर इमारती पाडतात आणि त्यांना वाटतं, अबू सनद म्हणजे कुणी पोक्त, मिशीवाला, बँकेतून निवृत्त झालेला गृहस्थ! तीन वर्षं झाली. कुणाला पत्ता नाही. घरात तर नाहीच, आणि माझा भाऊ कुसै त्याच टोळीत आहे.

रविवार, ६ ऑक्टोबर

जेवताना कुसैनं जाहीर केलं — तिन्ही गिरण्या पाडल्या. "काय डोकं आहे बाबा त्या अबू सनदचं! असा माणूस सरकारात पाहिजे." बाबा म्हणाले, "कोण हा?" "आहे एक. मोठा माणूस." मग माझ्याकडे वळून, "मैसून, बसलीस काय अशी? चहा टाक की."

टाकला. साखर मुद्दाम कमी घातली.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

आज अबू सनदला मुहन्नदचा निरोप आला. हो, माझाच मुहन्नद — उन्हाळ्यात ज्याच्या नावाची अंगठी माझ्या बोटात आली तो! कुसैनंच त्याला टोळीत आणलं. दोघांची शहरं शेजारी-शेजारी.

"अबू सनद, मी गिरण्या ठेवतोय. राग मानू नका. रस्त्यांचा मला भरवसा वाटत नाही."

मी आकडे पाठवले. साठ आणि एकशेवीस. त्यानं लिहिलं, "आकडे बरोबरच असतील, पण ठेवतो." हट्टी आहे! मग जरा वेळानं — "एक विचारू? खेळातलं नाही."

तो अबू सनदला माझ्याबद्दल काही बोलला तर? मिशीआड बसून ते वाचायचं? चोरीच की. आणि नको ते वाचलं तर? घाईघाईनं लिहिलं, "इथे फक्त खेळातलं विचारायचं." तो म्हणाला, "बरं." संपलं.

मला मुहन्नद हवा आहे. इथे लिहायला काय हरकत आहे? चष्म्याचा नंबर काढायला आला होता. खुर्चीत बसून सगळी अक्षरं चुकीची सांगितली, एकदाही लाजला नाही, उलट म्हणाला, "तुम्हीच सांगा, मी कशाला अंदाज करू?" तेव्हापासून. पंचवीस तारखेला, शुक्रवारी, निकाहनामा लिहायचाय. सतरा दिवस! आईनं मन्सफच्या मटणभातासाठी ताकाचे वाळवलेले गोळे आत्ताच आणून ठेवलेत, घरभर आंबूस वास.

गुरुवार, १० ऑक्टोबर

टोळीचं उत्पन्न दीडपट! सगळे अबू सनदला दुवा देतायत. मुहन्नद सोडून.

शनिवार, १२ ऑक्टोबर

जळलं. कुसैचं शहर जळलं.

उत्तरेच्या टोळीनं सकाळी एकच पूल तोडला. एकच! पण आमचे चारही रस्ते त्या पुलावरून जात होते. सराया ओस, उत्पन्न शून्य. तेही चाललं असतं. पण सैन्याला पीठ लागतं, आणि पीठ गिरणीतून येतं, आणि गिरण्या तर — मीच पाडायला लावलेल्या. पिठाचा रकाना मी धरलाच नव्हता! का? तर पीठ म्हणजे उत्पन्न नव्हे! खजिनदार बाई, शाबास! उपाशी सैन्य दुपारी पळून गेलं आणि ते लोक आत शिरले.

मुहन्नदची कोठारं दळलेल्या धान्यानं भरलेली होती, आणि त्याच्याकडून यायला पूल लागत नाही. कुसैनं त्याला सकाळपासून किती निरोप पाठवले — "धान्य पाठव," "भाऊ, धान्य पाठव," "अरे मेलो, पाठव ना!" उत्तर नाही. संध्याकाळी उगवला. म्हणे गावी ऑलिव्हच्या घाण्यावर होतो, तिथे फोन लागत नाही.

कुसै न जेवता भिंतीकडे तोंड करून पडलाय. तीस वर्षांचा घोडा! पण तीन वर्षं त्या शहरासाठी काय काय केलं त्यानं, मला माहीत आहे. त्याला जाऊन सांगावंसं वाटतं. सांगत नाही.

रविवार, १३ ऑक्टोबर

कुसैनं टोळीच्या चावडीवर, सगळ्यांसमोर लिहिलं: "कोठार भरलेलं असून शेजाऱ्याला मूठभर धान्य न देणारं घर कंजूस! जो माझ्या शहराला उपाशी ठेवतो, तो माझ्या बहिणीला काय खायला घालणार?"

कंजूस! आणि घर! मुहन्नदला एकट्याला शिव्या दिल्या असत्या तर खपून गेलं असतं. पण घराला कंजूस म्हणजे... तासाभरात मुहन्नदच्या काकाचा बाबांना फोन. "आमच्या दारातून कधी पाहुणा उपाशी गेलाय? तुमच्या पोरानं हे शब्द परत घ्यायचे." बाबांना कळेचना. "कुठलं धान्य? कुठलं शहर? कुसै, तू शहर कधी घेतलंस?"

सोमवार, १४ ऑक्टोबर

निकाह पुढे ढकलला. "मनं शांत होईपर्यंत," असं बाबा म्हणाले. मनं शांत! माझं कुणी विचारलं?

मुहन्नदला फोन केला. "एवढ्याशा गोष्टीवरून? तू धान्य का नाही पाठवलंस, एवढं कुसैला नीट सांग ना." म्हणाला, "सांगितलं की. फोन लागत नव्हता." "मग पुन्हा सांग." "बघू." मी म्हटलं, "पंचवीस तारीख?" पुन्हा "बघू." आवाज थकलेला. त्याला फार लागलंय. साहजिक आहे — घराला बोल लागला.

आणि हे सगळं माझ्यामुळे. एका रकान्यामुळे.

बुधवार, १६ ऑक्टोबर

पुन्हा हिशेब केला. गिरणीच्या साठात पिठाची किंमत धरली तर शंभर. तरी सराई वीसनं वरच! मग माझं चुकलं कुठे?

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

दिवसभर गावच्या मळ्यात ऑलिव्ह उतरवले. हात अजून तेलकट काळे. माझ्या अंगात वारं भरलंय. एका फांदीवर धड टिकले नाही. हिची उतरव, तिची उतरव, आई ओरडली, "अगं, एक झाड तरी पुरं कर!"

डोक्यात एकच. गिरणी, सराई. सराई जास्त देते हे खरंच आहे. पण कधी? चारही रस्ते चालू असले तर. दोन तुटले की ती साठावर येते, चारही तुटले की नुसती रिकामी इमारत. गिरणी मरायला टेकली तरी देते. म्हणजे माझा एकशेवीस हा आकडा खोटा नव्हता, पण तो चांगल्या दिवसाचा आकडा होता. वाईट दिवस मी मोजलेच नाहीत. किती वाईट दिवस धरायचे? दहात एक? दहात तीन? हे कुणी सांगायचं? सराईच जास्त देते, असं अजूनही म्हणावंसं वाटतं, आणि म्हणवत नाही. वैताग!

चादर झटकताना कुसैला विचारलं, अगदी सहज. "तो अबू सनद बाई निघाली तर रे?"

इतका हसला की टोपली लवंडली. "बाई? अगं, बाई असती तर गिरणी पाडली असती का? बाईला आधी पीठ सुचतं!"

आई पण हसली. मी ऑलिव्ह वेचत बसले. हा टोमणा जन्मभर पुरेल.

खरं सांगितलं तर कुसैचा राग मुहन्नदवरून उठून माझ्यावर बसेल, आणि लग्न वाचेल. पण मग तीस जण म्हणतील, कुसैची बहीण तीन वर्षं पुरुषाच्या नावानं आमच्यात वावरत होती. आणि मुहन्नद काय म्हणेल? एवढ्यासाठी धीर होत नाही. उद्या सांगेन. उद्या नक्की.

शनिवार, १९ ऑक्टोबर

नाही सांगितलं.

सोमवार, २१ ऑक्टोबर

माणसं येणार! मुहन्नदच्या आईनं रदबदलीसाठी मोठी मंडळी जमवली आहेत, गुरुवारी ही मंडळी, म्हणजे जाहा, आमच्या घरी. पुढे कोण, तर हाजी दैफल्ला! दोन खुनांची भांडणं त्यांनी मिटवलीत, म्हणे. आता तिसरं हे — तीन गिरण्या, फोनमधल्या!

बाबांचं तोंड पाहण्यासारखं झालंय. "त्यांच्यासमोर मी काय मांडू? नसलेलं शहर?" कुसै म्हणतो, "शहर होतं, बाबा!"

आई गालिचे धूत सुटलीय. मी आनंदानं नाचायची तेवढी बाकी. त्यांनी माणसं पाठवली म्हणजे त्यांना मी हवी आहे. मुहन्नदला हवी आहे!

गुरुवार, २४ ऑक्टोबर

सगळं लिहून काढते, नाहीतर झोप लागायची नाही.

असरची, दुपारनंतरची, नमाज झाली आणि ते आले. सतरा-अठरा माणसं, त्यांत मुहन्नद, डोक्याला पांढरे-लाल रुमाल, एक जण खांद्यावर गव्हाचं पोतं घेऊन! खरा गहू. हाजींचा हुकूम होता — "धान्यावरून भांडण आहे ना? मग धान्य घेऊन जायचं." पोतं बैठकीच्या मधोमध ठेवलं. आई आणि मी आतल्या खोलीत, दार बोटभर उघडं.

कुसैनं कडू कॉफीचे छोटे कप भरून सगळ्यांपुढे ठेवली. कुणी हात लावला नाही. लावायचाच नसतो — मागणं मान्य होईपर्यंत कॉफी गार होत राहते. हाजींनी घसा खाकरला.

"बाळ कुसै, तुझी गिरणी किती दुनम जमिनीवर होती?"

"हाजी, ती... ती जमिनीवर नव्हती."

"मग? ओढ्यावर? पाण्याची गिरणी?"

"खेळातली, हाजी. फोनात."

हाजींनी डोक्यावरचा रुमाल सारखा केला. मग म्हणाले, "बरं. फोनात. दगडाची की विजेची?" मागे कुणीतरी खोकल्याचं सोंग करून हसलं. हाजी मात्र गंभीर. "आणि ती पाडून सराई का बांधलीस? सराई काय देते?"

"गिरणीच्या दुप्पट, हाजी! रस्ते चालू असले तर."

"चूक! माझ्या आजोबांची सराई होती. सगळं खाणं-पिणं पाहुण्यांवर गेलं. घोडी विकावी लागली. जास्त देतो तो हमाम!"

हमाम! हमाम सगळ्यात कमी देतो! मी दारामागे हात चावून गप्प. पण बैठकीत वादच पेटला. मुहन्नदचा काका म्हणे, "घाणाच बरा, तेल कुठेही खपतं." बाबा — आमचे बाबा! — म्हणाले, "मोक्याच्या जागेचं दुकान." अठरा म्हातारे अर्धा तास भांडत होते की कोणती इमारत जास्त कमावते, आणि ज्या माणसाला ठाऊक होतं तो आत ट्रे घेऊन उभा होता!

शेवटी हाजींनी विचारलं, "पाडायला सांगितलं कुणी?"

"अबू सनदनं," कुसै म्हणाला.

"कुणाचा मुलगा? कुठल्या घराण्याचा?" कुणालाच माहीत नाही. "मग झालं तर!" हाजींनी मांडीवर थाप मारली. "ज्याला घराणं नाही त्याच्या शब्दावर तुम्ही गिरण्या पाडल्या, आणि भांडता एकमेकांशी? खापर त्याच्यावर!" सगळ्यांनी माना डोलावल्या. दोन्ही घरांनी मिळून अबू सनदला जे काही म्हटलं ते मी इथे लिहीत नाही. डोळ्यांत पाणी आलं, आणि हसूही आवरेना. एक पाऊल पुढे टाकलं होतं, खरंच टाकलं होतं — आईनं ओढणी धरून मागे खेचलं. "कुठे निघालीस पुरुषांत?"

आणि तेवढ्यात मुहन्नदनं त्याच्यापुढचा कप उचलला आणि कॉफी पिऊन टाकली.

मागणं मांडायच्या आधीच! बैठक गार पडली. मागायला आलेल्या नवऱ्या मुलानं आधीच कॉफी प्यायली म्हणजे त्याला काही मागायचंच नाही, असा अर्थ. त्याच्या काकाचा चेहरा पांढरा. बाबा उठायच्या बेतात. पण हाजी हसत सुटले, "अरे, घाबरलंय पोर! घसा कोरडा पडला! लग्नाच्या आधी मी अख्खी किटली प्यायलो होतो. दुसरा कप आणा!" आणि सगळे हसले. मुहन्नद खाली मान घालून बसला. कान लाल झालेले. त्या लाल कानांवर मी जीव ओवाळून टाकला असता.

मग हाजींनी रीतसर मागितलं — शब्द परत घ्यावेत, निकाहाची तारीख द्यावी. कुसै उठला, मुहन्नदच्या कपाळाचं चुंबन घेतलं, म्हणाला, "तुमच्या घराला बोललो ते माझं थोबाड चुकलं." बाबा म्हणाले, "तुमची कॉफी प्या. मुलगी तुमची." अठरा कप एकदम उचलले गेले! पुढच्या शुक्रवारी, एक तारखेला.

जाताना कुसैनं विचारलं, "हाजी, या पोत्याचं काय करू?"

"दळ!"

शुक्रवार, २५ ऑक्टोबर

आज निकाह झाला असता. हरकत नाही — सातच दिवस. टेलरकडे जाऊन आले. कुसै नव्या शहराचा पाया घालतोय. आधी गिरणी, मग सराई, असं अबू सनदनं त्याला सांगितलं. त्यानं निरोप पुसून टाकला. रागावलाय.

अबू सनदला आता पुरून टाकायचं. लग्नानंतर मुहन्नदला मीच सांगेन. आधी चिडेल, मग हसेल. त्या हसण्याचा विचार करत दिवस काढतेय.

रविवार, २७ ऑक्टोबर

दुकानात दुपारी निरोप आला. अबू सनदला, मुहन्नदचा.

"खेळातलं नाही, तरी ऐका. मला ओळखत नाही अशा माणसालाच हे सांगता येईल. त्या दिवशी फोन लागत होता. धान्य मी मुद्दाम पाठवलं नाही. वाटलं, कुसै भडकेल आणि लग्न मोडेल. मोडतही होतं. मग आईनं माणसं जमवली. कॉफी मुद्दाम प्यायलो, तर सगळे हसले. मुलगी चांगली आहे, तिचं काही चुकलं नाही. पण मला हे लग्न नको आहे, आणि घरात तोंड उघडायची हिंमत नाही. तुम्ही हिशेबाचे माणूस. काय करू?"

दोनदा वाचलं. 'लग्न कर' — एवढं लिहिलं असतं तरी त्यानं केलं असतं. लिहिलंही. पाठवायच्या खुणेवर बोट होतं. मग एकेक अक्षर पुसलं.

"तिला सांग. आजच." पाठवलं.

त्यानं वाचलं. मी खुर्चीतल्या गिऱ्हाइकाला म्हटलं, तक्त्यावरची खालची ओळ वाचा. तो वाचायला लागला, आणि माझा फोन वाजला. मुहन्नद.

उचलला.